नाताळ घरात रुजवताना

हॅम्बुर्गजवळच्या एका निराधार मुलांच्या आश्रमात १८३९ साली मुलं रोज एकच प्रश्न विचारून पाद्रीसाहेबांना भंडावून सोडत: नाताळला किती दिवस उरले? आश्रमाचे चालक योहान हिन्रिख विखर्न यांनी गाडीचं एक चाक घेतलं आणि त्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. आठवड्याच्या दिवसांना लाल, रविवारी पांढरी. रोज एक मेणबत्ती वाढे आणि मुलांना आपल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी दिसे. आज जगभरच्या चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं जे आगमनचक्र दिसतं, त्याचं मूळ या चाकात आहे. गरीब मुलांना वाट पाहणं सोपं जावं म्हणून एका माणसानं केलेली ती सोय होती.

मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबर कसा जातो हे वेगळं सांगायला नको. घराला रंग, नवे पडदे, कपड्यांची खरेदी, करंज्या आणि शंकरपाळ्यांचे घाणे, दारातला तारा, संडे स्कूलच्या नाटकाच्या तालमी, रात्री उशिरापर्यंत चाललेली तरुण संघाची गाणी. पंचवीस तारखेची उपासना आटोपून, आल्यागेल्याला फराळ देऊन आई संध्याकाळी एकदाची खुर्चीत टेकते, तेव्हा करायचं ते सगळं झालेलं असतं. राहून गेलेलं असतं ते एकच: लूकच्या दुसऱ्या अध्यायातली ख्रिस्तजन्माची गोष्ट घरात कुणी मोठ्यानं वाचलेली नसते. चर्चमध्ये कानावर पडली तेवढीच.

घरात एखादी रीत पाडायची तर ती इथून सुरू करावी. रीत टिकते ती तिची वेळ ठरलेली असली आणि तिच्यात मुलाच्या हाताला काम असलं तरच. नुसतं ऐकायला बसवलेलं मूल पहिल्या वर्षी बसतं, दुसऱ्या वर्षी चुळबुळतं आणि तिसऱ्या वर्षी त्याला क्लास असतो. मेणबत्ती पेटवणं, गोठ्यासाठी पेरलेल्या नाचणीला पाणी घालणं, वचन वाचणं, ताट शेजारी पोचवणं, यांतलं एखादं काम ज्याचं त्याचं ठरलेलं असलं की पुढच्या वर्षी तेच मूल आठवण करून देतं. एकाच वर्षी सगळं करायला जाऊ नये. पुढे जे सांगितलंय त्यातलं एक, फार तर दोन निवडावं.

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत केव्हाही येतो. काही मंडळ्यांत हा काळ पाळत नाहीत, पण घरात पाळायला कुणाची आडकाठी नसते. त्यासाठी तयार चक्र विकत आणायची गरज नाही. स्टीलचं किंवा पितळेचं खोलगट ताट घ्यावं, त्यात बोटभर जाडीचा वाळूचा थर द्यावा आणि चार मेणबत्त्या वाळूत नीट रोवाव्यात. कडेनं हिरवं लावावं. कोकणपट्टीत सुरूच्या डहाळ्या सहज मिळतात; तिथल्या कितीतरी घरांत नाताळचं झाड म्हणूनही सुरूचीच फांदी उभी करतात. शहरात अशोकाची पानं चालतात. परंपरेनं तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण तो आनंदाचा रविवार. रंगीत मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांनाच जांभळी आणि गुलाबी फीत बांधावी. डहाळ्या सुकल्या की लगेच बदलाव्यात, सुकलेला सुरू चटकन पेट घेतो. ताट पडद्यापासून लांब ठेवावं आणि घरात कुणी नसताना ज्योत कधीच ठेवू नये.

मग रविवारी संध्याकाळी जेवणाआधी दिवे मालवायचे, पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिली मेणबत्ती घरातल्या सर्वांत धाकट्यानं लावावी, चौथी आजीनं किंवा आजोबांनी. एक छोटा शास्त्रभाग, एक गीत, आणि प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. एवढ्यावर थांबावं. घरातल्या कर्त्या माणसाला अशा वेळी लांबलचक प्रार्थना करण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. दहा मिनिटांत आटोपलं तर पुढच्या रविवारी मुलं आपणहून येऊन बसतात. चौथ्या रविवारपर्यंत पहिली मेणबत्ती पेरभर उरते, दुसरी तिच्याहून थोडी उंच, तिसरी त्याहून उंच, आणि चौथी अजून वातसुद्धा न जळलेली. किती वाट पाहिली, याचा हिशेब मुलं त्या उतरत्या उंचीवरून आपापसांत करतात.

ज्यांना रोजचं काही हवं आहे त्यांच्यासाठी लूकचं शुभवर्तमान हाताशी आहे. त्याचे अध्याय बरोबर चोवीस. १ डिसेंबरला पहिला, २४ ला शेवटचा, असा क्रम लावून अनेक देशांतली ख्रिस्ती कुटुंबं ते वाचतात. या क्रमात एक अडचण पहिल्याच दिवशी येते. लूकचा पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे. तो सलग वाचला तर सात वर्षांचं मूल पंचविसाव्या वचनाला झोपतं. म्हणून लहान मुलं असतील तर रोज अध्यायातला एकच प्रसंग घ्यावा. १ तारखेला जखऱ्याची वाचा बंद होते तेवढंच. १० ला चांगला शोमरोनी. १५ ला हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा. यातलं नाणं शोधणाऱ्या बाईची गोष्ट लहानांना फार आवडते, कारण दिवा लावून घर झाडणारी आई त्यांनी पाहिलेली असते. १९ ला उंबराच्या झाडावर चढलेला जक्कय.

या क्रमाचं खरं बळ शेवटच्या दोन दिवसांत कळतं. २३ तारखेला वधस्तंभ येतो. घरात करंज्या तळल्या जात असताना हा अध्याय वाचायचा म्हणजे जड वाटतं, आणि कित्येक घरं तो टाळतात. टाळू नये. गव्हाणीतलं बाळ पुढे कोण झालं हे ठाऊक नसेल तर नाताळ म्हणजे मुलांच्या लेखी कुणाचा तरी वाढदिवस होऊन बसतो. आणि २४ तारखेला अम्माऊसची वाट येते: उठलेला प्रभू दोन शिष्यांच्या सोबतीनं चालतो, संध्याकाळ झाली म्हणून ते त्याला आग्रहानं घरी थांबवतात, आणि जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो तेव्हा त्यांना तो ओळखू येतो. हा भाग त्या संध्याकाळी जेवणाच्या पानावरच वाचावा, पहिला घास घेण्याआधी. त्यानंतर रात्री, मध्यरात्रीच्या मिस्सेला निघण्याआधी किंवा पहाटेच्या उपासनेसाठी झोपण्याआधी, लूकचा दुसरा अध्याय पुन्हा उघडावा. २ डिसेंबरला वाचलेली गोष्ट मुलांना आता वेगळी ऐकू येते.

वाचायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्न आज पुण्या-मुंबईतल्या घरांत खराखुरा आहे. आजीला मराठी शास्त्र पाठ, नातवंडं इंग्रजी माध्यमात. यावर उपाय असा की नातवंडांना रोज मराठीतलं एकच वचन द्यावं, तेही दुपारी आधी वाचून ठेवायला सांगून. सगळ्यांसमोर अडखळायची लाज वाटली की मूल कायमचं दूर जातं. मराठी वाचकाला निवडही भरपूर आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळावं या तळमळीनं. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर ते काम त्यांनी हातातून सोडलं नाही. आजची बोलती मराठी हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. आणि ज्या घरात कुणाला ओवी म्हणता येते त्यांनी वर्षातून एकदा तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ काढावं. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं हे मराठी काव्य लोकांनी ऐकावं म्हणूनच ओवीत रचलेलं आहे. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्माची कथा येते. जुने शब्द अडतील, पण ओवीचा ठेका मुलांच्या कानाला चटकन सापडतो.

गाण्यांच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती माणूस श्रीमंत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर भजन आणि कीर्तन ही आपली रूपं ख्रिस्ती उपासनेत रुजवली, आणि त्यांची कितीतरी पदं आजही ‘उपासना संगीता’तून गायली जातात. तरीही डिसेंबरात स्पीकरवर परदेशी कॅरलच लागतात आणि घरातली पेटी कपाटावर धूळ खात पडते. दर आगमन-रविवारी एक मराठी नाताळगीत घ्यावं आणि आठवडाभर तेच म्हणावं. चार आठवड्यांत चार गीतं पाठ होतात. टाळ धाकट्याच्या हातात द्यावा, चुकला तरी चालेल. कॅरल म्हणायला मुलं दारोदार जातात तेव्हा ज्या घरातल्यांना ती गीतं पाठ असतात, त्यांचा आवाज सगळ्यांत मोकळा लागतो.

आता गोठा. १२२३ साली संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणीत गवत घालून, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव उभं करून नाताळची मिस्सा करवली, तेव्हापासून गोठ्याची प्रथा लोकप्रिय झाली. वसईच्या गावांतून आणि गोव्यातून आज मोठमोठे देखावे उभे राहतात. घरातला गोठा लहान असावा आणि तो मुलांच्या हातून वाढत जावा. गोव्यात गोठ्यासमोरच्या शेतासाठी नाचणी पेरतात. दहा-बारा डिसेंबरला पसरट ट्रेमध्ये मातीचा पातळ थर देऊन वर नाचणी दाट भुरभुरावी आणि रोज हातानं पाणी शिंपडावं, तांब्यानं ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. नाताळपर्यंत हिरवं कुरण तयार होतं. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले. हे कुणी शोधून काढायचं, याची पैज थोरल्या मुलांत लावायला हरकत नाही.

गोठ्याची एक शिस्त मात्र आवर्जून पाळावी. गव्हाण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी राहू द्यावी. बाळाची मूर्ती आईनं कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी, आणि लूक दोन वाचून झाल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलानं ती आणून गव्हाणीत ठेवावी. मागी लोकांच्या मूर्ती तर त्या रात्रीही गोठ्यात नसाव्यात. मत्तय सांगतो की ते पूर्वेकडून, ताऱ्यामागे, नंतर आले. ते किती होते हे तो सांगत नाही, भेटी मात्र तीन सांगतो. म्हणून मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवाव्यात आणि मुलांनी त्या रोज थोड्या पुढे सरकवाव्यात: आज फ्रीजवर, उद्या टीव्हीच्या कपाटावर, मग जेवणाच्या टेबलावर, आणि ६ जानेवारीला गोठ्यात. नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही हे मुलांना यातून आपोआप कळतं.

देण्याची सवयही डिसेंबरातच लावता येते. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळीचं केवढं तरी काम उभं राहिलं आहे. मराठी घरात हीच रीत आगमनकाळापुरती धरता येईल. एक झाकणाचा डबा, रोज एक मूठ तांदूळ किंवा डाळ, मूठ घालायचं काम मुलाचं. चोवीस तारखेच्या आत तो शिधा ज्या घरी जायचा तिथे पोचवावा, गाजावाजा न करता. संत निकोलसची गोष्ट इथे सांगावी. चौथ्या शतकातल्या मायरा शहराचा हा बिशप. आख्यायिका अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नांसाठी त्यानं रात्री, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, पैशांच्या पिशव्या खिडकीतून आत टाकल्या. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. सांताक्लॉज मुलांना शाळेत आणि दुकानांत भेटणारच आहे. तो मुळात कोण होता हे घरात कळलं तर त्यांना स्वतःही कुणाला तरी गुपचूप काही द्यावंसं वाटतं.

फराळाचं ताटही याच कामाला येतं. गोव्यात नाताळात शेजाऱ्यांच्या घरी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, दोदोल, बेबिंका, नेवऱ्या पाठवायची जुनी पद्धत आहे. महाराष्ट्रात दिवाळीला शेजारून आलेल्या ताटाची परतफेड नाताळला करंज्या-चकल्यांनी होते. ताट मुलांच्या हातीच पाठवावं. आणि ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलंय तिथे पहिल्यांदा पाठवावं. तिथे काही गोडधोड झालेलं नसतं.

आपल्याच घरात कुणाची जागा रिकामी झाली असेल तर सणाचा सगळा पसारा मांडायचा हट्ट धरू नये. मेणबत्त्यांचं ताट पुरे. चौथ्या रविवारी गेलेल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करावी, त्यांचं आवडतं गीत म्हणावं, आणि चोवीस तारखेला सकाळी कबरस्तानात फुलं घेऊन जावं, मुलांनाही नेऊन. रडू आलं तर येऊ द्यावं. आशेचा शास्त्रभाग दुःखाच्या घरात वाचला जातो तेव्हा त्याला जी धार येते ती एरवी येत नाही.

मत्तयचा पहिला अध्याय, ती लांबलचक वंशावळ, बहुतेक घरांत कुणी वाचत नाही. ती आजोबा-आजींसाठी राखून ठेवावी. त्या यादीत येशूची आई मरीया हिच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. प्रत्येकीच्या मागे एक अवघड कहाणी आहे. ही यादी वाचल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, आपल्या घरात प्रभूला पहिल्यांदा कुणी मानलं? कोणत्या गावी? घरचे काय म्हणाले? वाळीत टाकलं का? जुन्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, आणि जालना, सोलापूर या भागांतल्या कितीतरी कुटुंबांत ही कथा अजून फक्त ऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीच्या तोंडी आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून ठेवली, म्हणून टिळकांच्या धर्मांतरानं त्या घरात उठलेलं सगळं वादळ आज आपल्याला ठाऊक आहे.

त्या वादळात आजच्या मिश्र घरांसाठीही काही आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या विचारानं. मधला सगळा काळ एकाच कुटुंबात दोन श्रद्धा होत्या. नवरा किंवा बायको ख्रिस्ती नसेल तर डिसेंबरातली प्रार्थना हा ओढाताणीचा विषय करू नये. मेणबत्ती लावायला बोलवावं, गीत म्हणायला बोलवावं, आले तर आनंद, नाही आले तर त्यांचं पान वाढून ठेवावं.

परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक, हॉटेलातले कामगार यांच्या घरी पंचवीस तारीख बहुधा ड्युटीवरच जाते. परदेशी असलेल्या मुलांच्या घड्याळाचंही जमत नाही. अशा वेळी जुन्या कॅलेंडरचा मोठा आधार होतो. नाताळ २५ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो आणि ६ जानेवारीला मागी लोकांचा सण येतो. घरातलं माणूस २८ ला सुटीवर येणार असेल तर लूक दोनचं वाचन आणि घरचं जेवण २८ ला करावं, गव्हाणही तोवर रिकामी ठेवावी. नाताळ हुकला असं त्या माणसाला वाटू देऊ नये. गोव्यात कासावली, आरोशी आणि कुएली या गावांतली तीन मुलं मागी राजांच्या वेशात टेकडीवरच्या रेमेदियस मातेच्या चॅपेलकडे निघतात, तीही ६ जानेवारीलाच. त्या दिवशी जाता आलं तर मुलांना जरूर न्यावं. नाही तर घरातल्या मागींच्या मूर्ती गोठ्यात पोचल्या की मत्तयचा दुसरा अध्याय वाचावा, शेवटचा फराळ संपवावा, आणि मगच गोठा आवरावा. मूर्तींच्या खोक्यात एक वही ठेवावी. यंदा काय वाचलं, कुणासाठी प्रार्थना केली, काय जमलं नाही, नाचणी कधी पेरली आणि कितपत आली, हे मुलांच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावं. पुढच्या नोव्हेंबरात खोकं उघडलं की तयारी त्या वहीपासूनच सुरू करता येते.

हे वाचेपर्यंत अर्धा डिसेंबर उलटला असेल तर यंदापुरता नऊ संध्याकाळींचा क्रम धरावा. कॅथलिक घरांना १६ ते २४ चे नऊ दिवस नोव्हेनामुळे ओळखीचे आहेतच. १६ ला यशयाच्या नवव्या अध्यायाची सुरुवातीची सात वचनं, १७ ला त्याच्याच अकराव्यातला इशायाच्या बुंध्याला फुटलेला धुमारा, १८ ला मीखाच्या पाचव्यातलं बेथलेहेम. पुढचे चार दिवस लूकच्या पहिल्या अध्यायाचे: जखऱ्याला मंदिरात दिसलेला दूत, मरीयेला आलेला निरोप, अलीशिबेची भेट आणि मरीयेचं गीत, मग योहानाचा जन्म. २३ ला मत्तयच्या पहिल्या अध्यायाची शेवटची आठ वचनं, म्हणजे योसेफाचं स्वप्न. हे बाबांनी वाचावं. २४ ला लूक दोनमधली पहिली वीस वचनं, सगळ्यांनी थोडी थोडी वाटून घेऊन, बाळाला गव्हाणीत ठेवण्याआधी.